दाबे, तुझा पेरणीचा सीन

“बूट काढा! त्या माणसाच्या पायातले बूट आधी काढा!”

ती सहायक दिग्दर्शिका भोंगा तोंडाला लावून ओरडली, तेव्हा किलकेनीच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या गाई वेळेआधी व्यायल्या असतील. माझ्या व्हॅनमधला चहा नासला तोही त्याच आवाजाने, असं मी अजून सगळ्यांना सांगते. आणि तू, दाबे, त्या ओल्या शेताच्या मधोमध उभा. हिरवे गमबूट, तुझ्या लेकीने घेतलेली तपकिरी पँट, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात कुदळ. तू त्या बाईकडे बघितलंस, मग बुटांकडे, मग पुन्हा बाईकडे. बूट तिचेच आहेत आणि ती विसरून गेली होती, असं काहीसं तुला वाटलं असावं.

“हे माझे आहेत,” तू म्हणालास. आवाज न चढवता. त्या भोंग्यापुढे तुझा आवाज म्हणजे टीव्ही मोठ्याने चालू असताना कुणी शेजारी बसून मेथी निवडावी, तसा.

मग रोनान पळत आला. रोनान म्हणजे दिग्दर्शक. वय पस्तिशीचं, दाढी पन्नाशीची. त्याने तिला बाजूला नेऊन समजावलं की सबंध सिनेमाभर हा माणूस अनवाणीच असणार आहे, पण या एका सीनमध्ये बूट राहतील, आपण तसा शब्द दिलाय. ती म्हणाली, मला कुणी सांगितलंच नाही. तेवढ्यात तू वाकून एक ढेकूळ हाताने फोडून पाहिलंस आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलंस. माती चांगली आहे, हे मला लगेच कळलं.

आता तू नाहीस, आणि मी तुझ्याशी मराठीत बोलायला बसलेय. पंचाईत अशी की आपण दोघं इंग्रजीत बोलायचो, दोघांचंही इंग्रजी उधारीचं, त्यामुळे तुला अरे म्हणावं की अहो हा प्रश्न कधी आलाच नाही. तू माझ्याहून वयाने बराच मोठा. रीतीने अहो-जाहो करायला हवं. पण ज्या माणसाने माझ्या पाटवडीच्या रश्शाला भांडी धुतलेलं पाणी म्हटलं, त्याला मी अहो-जाहो करणार नाही. मेल्यानंतरही नाही.

ती गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

इथे आयर्लंडमध्ये, ओंगारच्या वस्तीत, आमच्या शेजारच्या घरात तुझी लेक उशे राहायला आली, ती इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या नावाआधी एक आवाज आहे, बैलाला हाकताना गालातून काढतात ना, अगदी तसा. तो आवाज काढता न आल्यामुळे तिचं हॉस्पिटल तिला नुसतं उशे म्हणतं. मला येतो. माझ्या मामाची बैलगाडी होती काटोलला. तो आवाज मी बोलायला शिकण्याआधी शिकले. (आणि ज्या देशात डून लेरी असं वाचायचं गाव त्या भयंकर स्पेलिंगने लिहितात, त्या देशाने कुणाच्या नावाबद्दल तक्रार करू नये.) मग उशेची आई गेली आणि तिने तुला इकडे आणलं. नामिबियाच्या त्या कोपऱ्यातून, कालाहारीच्या कडेवरून, जिथे तुझा मका, चवळी आणि भोपळे होते, थोडी गुरं होती, ती सगळी तू भावावर सोपवलीस.

नवा शेजारी, तोही बायको गेलेला म्हातारा माणूस. मी नागपूरची. पातेलंभर पाटवडी रस्सा केला, असा तिखट की वरून विमान गेलं असतं तर पायलट शिंकला असता. तू तीनदा वाढून घेतलास. वाटी बोटाने पुसलीस. मग उशेला तुमच्या भाषेत काहीतरी म्हणालास, आणि ती लाल झाली. मी म्हटलं सांग, काय म्हणाले. ती सांगेना. मी सोडेना. शेवटी म्हणाली, बाबा म्हणतायत, एवढ्यासाठी बोलावलंत होय, हे तर भांडी धुतलेलं पाणी, यात ना कस ना चव, घरी उपाशी झोपलो असतो तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी ओंगारमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत मी ही बातमी पोचवली. आमच्या विवेकने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नेहमीसारखं ऐकून घेतलं. तो कंपनीत आकड्यांचं काम करतो. म्हणतो, हिच्या बोलण्याला दहाने भागायचं आणि मग चहा घ्यायचा.

पुढच्या आठवड्यात उशेने मला कुंपणापाशी गाठलं आणि तुमच्याकडची पद्धत सांगितली. कुणी मोठी शिकार आणली की गाव जमतं आणि त्या मांसाला नावं ठेवतं. हे काय आणलंस, नुसती हाडं, एवढ्यासाठी आम्हाला एवढं चालवलंस. शिकारी स्वतःसुद्धा म्हणतो, हो, फालतूच आहे, टाकून देऊया. जितकी शिकार मोठी, तितकी नावं मोठी. का, तर शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये. उद्या त्याला वाटायला नको की मी राजा आणि हे माझे नोकर. हे सगळं सांगून उशे म्हणाली, आंटी, बाबांनी तुमच्या रश्शाला एवढी नावं ठेवली, तेवढी मी त्यांना आयुष्यात फक्त एका रानरेड्याला ठेवताना ऐकलंय.

दाबे, मी आत गेले आणि देवापुढे साखर ठेवली.

नावं ठेवण्यात आम्ही काय कमी? पण आमच्यात नावं ठेवतात ती मनापासून. तुझी पद्धत शिकले आणि मग आपलं सुरू झालं. तू मागच्या अंगणात भोपळे लावलेस. इथल्या त्या ओल्या, उन्हाच्या नावाने शंख असलेल्या उन्हाळ्यात तुझे भोपळे असे फुगले की त्यांच्यामुळे शेजारच्या बागेत सावली पडली. पहिला भोपळा तू दोन्ही हातांनी उचलून आणलास. मी दारातून बघितलं आणि म्हटलं, हे लिंबू कुठे ठेवू? तू तो भोपळा तिथेच पायरीवर ठेवलास, गवतावर बसलास आणि डोळे पुसेपर्यंत हसलास. त्या दिवसापासून मी तुझी. म्हणजे काय नातं, ते तुमच्या भाषेत होतं म्हणे. उशेने सांगितलं होतं, थट्टा करायची नाती वेगळी आणि मान खाली घालून बोलायची वेगळी. आपलं पहिलं.

मी सगळं वाढवून सांगते, तू सगळं घटवून सांगायचास. हा आपला खरा वाद, आणि तो अर्धाच राहिला. मी विचारलं, तुझ्याकडे हत्ती येतात का रे शेतात? तू म्हणालास, एकदा पाहुणा आला होता, जेवला, गेला. बस. नंतर चार महिने खोदून खोदून विचारल्यावर कळलं की त्या पाहुण्याने सगळे भोपळे खाल्ले, पाण्याची टाकी आडवी केली, पंप उपटला, आणि तू रात्रभर डबा बडवत त्याच्यासमोर उभा होतास. मी म्हटलं, दाबे, ही गोष्ट माझ्याकडे असती तर मी तिच्यावर तीन वर्षं जेवले असते. तू म्हणालास, तुझ्याकडे असती तर हत्ती दहा असते. मी म्हटलं, अर्थात. एक हत्ती कोण ऐकतं?

पण एक गोष्ट तू सांगितलीच नव्हतीस, आणि ती मला ओंगारमधल्या एका पोराने सांगितली. फोनवर कसलासा जुना सिनेमा दाखवून म्हणाला, हा तुमच्या शेजारचा माणूस आहे. मी बघितलं. विशीतला तू. कमरेला कातडं, हातात धनुष्य. गोरे लोक एक रेडिओ वाळूत टाकून जातात, तो बोलायला लागतो आणि तू झाडावर चढतोस. सगळं जग हसलेलं त्यावर. मी पण, खरं सांगते, हसले.

लगेच इथल्या मराठी मंडळातल्या घरांना बोलावलं रविवारी, आमच्या बैठकीत पडदा लावला. तू टोपी घालून पहिल्या खुर्चीत. सिनेमाभर एक माणूस मागून इंग्रजीत सांगत राहतो की आता याला काय वाटतंय. मी तुला विचारलं, तुला तेव्हा खरंच तसं वाटत होतं का? तू म्हणालास, मला भूक लागली होती. पोरांनी विचारलं, रेडिओला खरंच घाबरलात? तू म्हणालास, त्यात बॅटरीच नव्हती. बॅटरी आमच्या घरच्या रेडिओत होती, दुपारच्या सुट्टीत आम्ही फुटबॉल ऐकायचो. घाबरलो तो दिग्दर्शकाला, तो फार ओरडायचा. आणि ते कातडं? ते म्हणे कपडेवाल्या बाईने शिवून आणलं होतं, कारण तुमच्या गावात कुणाकडे मिळेना. तुला मक्याच्या रांगेतून उचलून आणलं होतं, शर्ट-पँटवर.

सगळे वा वा करायला लागले. काय अभिनय, काय सहजपणा. तू मान हलवत म्हणालास, कातडं बरं होतं, आतला माणूस फालतू. सगळे हसले. मी अभिमानाने सगळ्यांना समजावून सांगितलं की हे असं का म्हणतात. तेव्हापासून मी तुझी जाणकार. दाबे नक्की काय म्हणाला, हे आता ओंगारमध्ये मला विचारत.

मला खूप विचारायचं होतं तुला. पडद्यावर स्वतःला पळताना बघून कसं वाटतं? आवाज दुसऱ्याचा, अंग आपलं, भीती कुणाचीच नाही. त्या सिनेमानंतर तू परत जाऊन तीच मक्याची रांग धरलीस, की तोपर्यंत तण माजलं होतं? तू नट होतास की शेतकरी? हे एकदा विचारलं होतं, तर म्हणालास, दोन्हीकडे आकाशाकडे बघत बसायचं असतं. आणि चहा मागितलास, आणि चहाला नावं ठेवलीस.

मग रोनान आला. त्याने लहानपणी तो सिनेमा पाहिला होता आणि मोठेपणी त्याची लाज वाटली होती, असं त्याने स्वतःच सांगितलं. त्याला आता आदराने सिनेमा करायचा होता. इतका आदर, की तो आमच्या बैठकीत तुझ्यासमोर खुर्ची सोडून गालिच्यावर बसला, आणि मग तूही खाली बसलास, आणि मग सगळेच. गोष्ट अशी होती की वाळवंटातला एक म्हातारा स्वप्नात दिसलेलं पाणी शोधत आयर्लंडला येतो. अनवाणी. जमिनीला कान लावतो. एका दुःखी आयरिश बाईला भेटतो आणि तिला शहाणं करतो. तुला वाक्यं मोजकी, आणि सगळी वाऱ्याबद्दल.

तू सगळं ऐकलंस आणि एकच अट घातलीस. एका सीनमध्ये मी बूट-पँट घालून शेतात काम करीन, मका लावीन. रोनानचे डोळे भरून आले. त्याने शब्द दिला, आणि शूटिंगवरच्या शाकाहारी लोकांचं जेवण मी करावं हेही तेव्हाच ठरलं, कारण पाटवडी त्यालाही मिळाली होती. तो म्हणाला, हे अप्रतिम आहे. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. बिचारा, याला रीत माहीत नाही.

किलकेनीच्या वाटेवर, माझ्या व्हॅनमध्ये, मी तुला छेडलं. म्हटलं, एवढा मोठा नट, आणि बुटांसाठी हट्ट? तू बाहेरच्या गाई बघत होतास. मग जे बोललास, ते मी दहाने गुणलेलं नाही आणि कुणी भागूही नये.

“उशे नर्सिंग शिकायला गेली, तेव्हा ती खोलीत आली की बाकीच्या मुली रेडिओ लावायच्या आणि पलंगाखाली लपायच्या. रोज. तिने मला कधी सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. लोक अजून शेतावर येतात आणि मला पँट काढायला सांगतात, फोटोसाठी. मला एकदा मी आहे तसा दिसायचंय. ती बघेल.”

 

म्हणून त्या दिवशी भोंगेवाली ओरडली तेव्हा मी रश्शाचा डाव घेऊन निम्म्या शेतापर्यंत धावत गेले होते. बूट राहिले. कॅमेरा लागला. तू वाकून कुदळीने खड्डा केलास, दाणे टाकलेस, टाचेने माती लोटलीस, पुढचा खड्डा. रोनानने थांबवलं. म्हणाला, कॅमेऱ्यात नुसती तुमची पाठ दिसतेय, चेहरा दिसू दे; उभं राहून मुठीने दाणे फेकलेत तर? तू माझ्याकडे बघितलंस. मी अंगठा दाखवला. तू उभा राहिलास. रोनान म्हणाला, थोडं हळू. आणखी हळू. आकाशाकडे बघा. ढगांतून ऊन आलं, एवढं ऊन या देशात मी आल्यापासून पडलेलं नाही, आणि तू मूठ फिरवलीस आणि दाणे हवेत गेले, सोन्याच्या नथी कुणी उधळाव्यात तसे. बूट चकाकत होते. मी रडले. जेवणाच्या रांगेत उभी असलेली माणसं रडली. भोंगेवाली भोंग्यात रडली, त्यामुळे ते पुढच्या गावाला ऐकू गेलं.

रोनानने येऊन तुझे दोन्ही हात धरले. सगळ्यांसमोर म्हणाला, मी आजवर चित्रित केलेलं हे सगळ्यात सुंदर दृश्य आहे. आणि तू म्हणालास,

“हे टाकून दे. यात काही नाही. फालतू आहे.”

मी पातेल्यामागे उभी राहून हसले. म्हटलं, वा. आज रानरेडा मारला पठ्ठ्याने.

तू गेलास ऑक्टोबरात. सकाळचं खाऊन मागच्या अंगणात खुर्चीत बसला होतास, भोपळ्यांकडे तोंड करून, आणि मी कुंपणावरून यंदाच्या लिंबांची चौकशी केली, तर हसला नाहीस. एवढंच सांगते. त्याच्यापुढचं मला वाढवता येत नाही आणि घटवताही येत नाही.

उशेने तुला परत न्यायचं ठरवलं, आईच्या शेजारी. ती निघाली त्या दिवशी रोनान भेटायला आला. ती वर बॅग भरत होती, मी खाली लोकांना चहा देत होते. तो कप हातात धरून उभा राहिला आणि हळू आवाजात मला म्हणाला की मी त्यांचा शब्द पाळलाय. कुठला शब्द? म्हणाला, पेरणीचा सीन. त्यांना तो नको होता ना. माझा जीव तुटला कापताना, पण त्यांच्यावर एकदा अशीच आमच्या सिनेमावाल्यांनी मर्जी लादली होती. मी ते करणार नाही.

दाबे, माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. एवढा आदर करणारा माणूस, आणि त्याला एवढं कळू नये! इथले शेतकरीसुद्धा, शेत पिकाने वाकलं तरी म्हणतात, ‘नॉट द वर्स्ट’. पण रोनान बाहेर शिकून आलेला. त्याला वाटतं माणूस म्हणतो तेच त्याला म्हणायचं असतं. तिथे काही बोलले नाही. उशेची गाडी आली होती. तिला कशाला विमानात बसताना हे ओझं.

पण चार दिवसांनी मी आमच्या जवळच्या क्लोन्सिला स्टेशनवरून गाडी पकडली, शहरात बदलून डार्टने, म्हणजे इथल्या किनाऱ्याच्या लोकलने, डून लेरीला गेले. तिथे समुद्रासमोर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर रोनान सिनेमा कापत बसतो. काळोखी खोली, आणि पडद्यावर तू, जमिनीला कान लावून. मी डबा पुढे ठेवला आणि बसले. तुमची रीत सांगितली. शिकार, हाडं, नावं ठेवणं. माझा रस्सा. लिंबू. हत्ती सांगितला, पाच केले. म्हटलं, बाबा रे, तो माणूस कशालाही चांगलं म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. टाकून दे म्हणाला, म्हणजे त्याने तुझ्या पायाशी सोनं ठेवलं होतं आणि तू ते कचऱ्यात लोटलंस. आणि रेडिओचं सांगितलं, उशेच्या खोलीतल्या मुलींचं. 

 रोनानने तो सीन शोधून काढला आणि लावला. बूट, ऊन, मूठ, आकाश. आम्ही तो पुन्हा पाहिला, आणि पुन्हा. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेवटी म्हणाला, हा मी परत घेतो, आणि सिनेमाच्या शेवटी ठेवतो. लोक घरी जाताना हाच माणूस डोळ्यांसमोर घेऊन जातील. त्याने मला मिठी मारली. परतताना डार्टमध्ये खिडकीतून समुद्र दिसत होता आणि मी तुझ्याशी मोठ्याने बोलत होते; शेजारचा माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला. म्हटलं, दाबे, झालं तुझं काम. फालतूच झालं, पण झालं. आयुष्यात एवढी नावं मी कशालाही ठेवली नसतील.

अजून तुला विचारायचं राहिलंय ते इतकं आहे की काय सांगू. तिकडे आता पाऊस पडला का? भावाने मका लावला का? तुझ्या गावात, तुझ्या मातीला जमलेल्या लोकांनी तुला काय काय नावं ठेवली असतील? मी नव्हते म्हणून जरा कमी पडली असतील. मी असते तर म्हटलं असतं, हा कसला माणूस, मूठभर, एवढ्यासाठी आम्हाला एवढं लांब बोलावलंत. आणि तुला कळलं असतं.

उशे काल परत आली. दारात बॅग, पायाला अजून तिकडची लाल माती. मी तिला बसूसुद्धा दिलं नाही. तिच्याच स्वयंपाकघरात तिलाच चहा करून दिला आणि सगळं सांगितलं, अथपासून. रोनानचा गैरसमज, माझी डून लेरीची स्वारी, आणि तो सीन, आता सिनेमाच्या शेवटी. ऊन मी चौपट केलं. दाणे ओंगारपर्यंत उडवले. तुझे गमबूट तर असे चकाकवले की तिने त्यात तोंड बघावं. म्हटलं, उशे, तुझे बाबा आता जगभर मका पेरताना दिसतील.

तिने ऐकून घेतलं. चहा संपवला. कप धुतला आणि प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, नीट ठेवला.

“आंटी, टाकून दे हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं. घरी आल्यावर मलाही म्हणाले.”

मी म्हटलं, अगं ती तुमची रीत, नावं ठेवायची.

“नाही,” उशे म्हणाली. “म्हणाले, असं कुणी पेरत नाही.”